वाढीव गुणाला पन्नास रुपये

आपल्याकडे मुलांच्या अभ्यासाचं एक दरपत्रक असतं. ते कुठे छापलेलं नसतं, पण घरातल्या लहानथोरांना तोंडपाठ असतं. चौथीपर्यंत चॉकलेटवर भागतं. पाचवीला मनगटी घड्याळ निघतं. सातवी-आठवीला गिअरची सायकल, दहावीला मोबाइल, बारावीला दुचाकी. पुढे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की लॅपटॉप. तिथून सुटल्यावर काय, हे दरपत्रकात नाही. कारण तोवर बक्षीस देणाऱ्याचे हप्ते सुरू झालेले असतात.

आमच्या लहानपणीही दरपत्रक होतं, पण त्यात फक्त वजावटीचा रकाना होता. पास झालं की मार वाचायचा, तेच बक्षीस. पेढे आणले जायचे, पण ते गल्लीसाठी. ज्याच्या नावाने पेढे वाटले जायचे, त्याच्या वाट्याला पुडा घेऊन घरोघर फिरायचं काम यायचं. नापास झालास तर म्हशी राखायला धाडीन, अशी धमकी असायची. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी म्हशीच्या वाटेला गेलं नव्हतं, असे बापही ही धमकी बिनदिक्कत द्यायचे.

पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली छडीही काढून घेतली आणि आठवीपर्यंत नापास करणंही थांबवलं. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने ती घेतलीही. पण मधल्या काळात घराघरातला छडीचा कारभार मोडीत निघून रोखीचा सुरू झाला, तो झालाच. भीतीची जागा भावाने घेतली.

या रोखीच्या कारभारात एक खोट आहे. बक्षीस मिळतं ते पुढे असणाऱ्याला, पुढे सरकणाऱ्याला नाही. दहावीच्या निकालानंतर चौकाचौकात फ्लेक्स लागतात. वर आमदार, खाली इच्छुक नगरसेवक आणि उरलेल्या जागेत ९६ टक्के मिळवलेली मुलगी. सगळ्या विषयांत नेमके ३५ गुण मिळवणाऱ्यालाही हल्ली भाव आहे; असा एखादा गडी वर्तमानपत्रात झळकतो आणि मित्र त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. पण ‘चिरंजीव ४२ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक समस्त गल्ली’ असा फ्लेक्स मी अख्ख्या सांगलीत पाहिलेला नाही. ९५ वरून ९६ वर जाण्यापेक्षा ४२ वरून ५७ वर येणं कितीतरी कष्टाचं. पण त्यासाठी बघणाऱ्याला वजाबाकी करावी लागते, आणि फ्लेक्सवर वजाबाकी शोभत नाही.

म्हणून ताईने जेव्हा जाहीर केलं की, यंदा आपल्या घरात नंबराला नाही, सुधारणेला बक्षीस, तेव्हा मला तो निर्णय क्रांतिकारक वाटला. भाचेराव नुकतेच सातवीत गेले होते. ताई पालकसभेतून आणखी एक गोष्ट घेऊन आली होती. प्रत्येक मुलाला घरात एक मेंटॉर पाहिजे, आणि तो आई-वडिलांपैकी नको.

“मेंटॉर म्हणजे जो ओरडत नाही, नुसता विचारतो,” ताई म्हणाली.

माझी नोकरी हिशेब तपासण्याची. न ओरडता, नुसतं विचारून समोरच्याला घाम फोडणं हाच माझा धंदा. त्यामुळे माझी निवड एकमताने झाली. भाचेरावांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

सुधारणा मोजायची कशी, हा प्रश्न दाजींनी चुटकीसरशी सोडवला. दाजी साखर कारखान्यात कारकून आहेत आणि घरचा अडीच एकर ऊस आहे. म्हणजे काट्याच्या दोन्ही बाजूंना ते स्वतःच उभे असतात. त्यांच्या मते सुधारणेला बक्षीस देण्याची पद्धत भारत सरकारने केव्हाच शोधून ठेवली आहे, तिचं नाव एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, आणि त्याच्या वर उतारा जाईल तसे दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. उतारा घसरला तर दर कमी होतो, पण साडेनऊच्या खाली कितीही गेला तरी आणखी कपात नाही. शेतकरी अगदीच मरू नये म्हणून.

“तस्संच करायचं,” दाजी म्हणाले. “मागच्या चाचणीचे मार्क म्हणजे बेस. वर जाईल त्या प्रत्येक मार्काला पन्नास रुपये. आणि मार्क कमी पडले तर कपात नाही. लेकरू आहे, एवढं संरक्षण पाहिजे की.”

भाचेरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“कमी पडले तर काहीच कापणार नाही?”

“एक पैसा नाही,” दाजी म्हणाले. शेतकऱ्याचं मन मोठं असतं.

सहावीच्या शेवटच्या चाचणीत गणितात भाचेरावांना २० पैकी १३ होते. सातवीच्या पहिल्या चाचणीत ८ पडले. घरात सुतक पाळल्यागत वातावरण झालं. आजीने दृष्ट काढली. पुढच्या चाचणीत १४ पडले. घरात आनंदीआनंद झाला, आणि भाचेरावांनी ३०० रुपयांचं बिल सादर केलं. १३ वरून सरळ १४ वर गेले असते तर ५० रुपये मिळाले असते. वाटेत ८ वर एक मुक्काम केला, तर ३००. हे ठरवून केलं का, याचा मी माझ्या पद्धतीने, म्हणजे न ओरडता, खूप तपास केला. “त्या दिवशी पोटात दुखत होतं,” यापलीकडे कागदावर काही आलं नाही.

यात भाचेरावांना दोष देण्यात अर्थ नाही. बक्षीस लागलं की माणूस आधी बक्षिसाचा अभ्यास करतो. १९०२ साली हनोईत फ्रेंच सरकारने प्लेगच्या धास्तीने उंदीर मारणाऱ्याला इनाम लावलं होतं. अख्खे उंदीर कोण मोजत बसणार, म्हणून शेपूट आणा आणि पैसे न्या, असा सुटसुटीत नियम केला. शेपट्यांचे ढीग लागले. सरकार खूश झालं. मग गावात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसायला लागले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते. तो जगला तर त्याला पिल्लं होणार, आणि पिल्लांना शेपट्या येणार. काही हुशार मंडळींनी तर उंदीर पाळायलाच घेतले. सरकारला इनाम बंद करावं लागलं. भाचेरावांनी ही गोष्ट ऐकली तेव्हा त्यांचे डोळे चमकले, आणि ते फ्रेंचांच्या बाजूने चमकलेले नव्हते.

३०० रुपयांच्या वसुलीचा किस्सा वेगळाच. कारखान्याकडून उसाचं बिल आलं की देतो, असं दाजींनी सांगितलं. बिल लांबलं. इकडे सातवीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ हा धडा आला. त्यातच भाचेराव दाजींच्या मोटरसायकलवर मागे बसून जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाऊन आलेले. उसाचं बिल १४ दिवसांत दिलं नाही तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं लागतं, हे त्यांना तिथल्या भाषणांतून कळलं. एका रविवारी सकाळी दाजी चहा पीत असताना त्यांच्यापुढे वहीचा कागद आला. मुद्दल ३००, दर १५, मुदत २ महिने, व्याज ७ रुपये ५० पैसे. खाली लाल पेनने लिहिलेलं: ‘एकरकमी पाहिजे. तुकडे चालणार नाहीत.’

दाजींनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी लुबाडलेला शेतकरी आणि धन्य झालेला बाप दिसत होता. गणित बरोबर होतं. या धड्यावर चाचणीत भाचेरावांना ५ पैकी ५ मिळाले, हे मुद्दाम सांगायला हवं.

आजीचं खातं या सगळ्यापासून स्वतंत्र होतं. भाचेराव लहानपणापासून संध्याकाळी तिच्याजवळ बसून रामरक्षा म्हणायचे, आपले उगाच, तिच्या सुरात सूर मिसळायला मजा येते म्हणून. घरात बक्षिसांचे दिवस आले तशी आजीनेही एकदा कौतुकाने दहाची नोट काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. महिन्याभरात आजी चार दिवस लेकीकडे कोल्हापूरला गेली, आणि रामरक्षा बंद पडली. आल्यावर तिने विचारलं, तर भाचेराव म्हणाले, “तू नव्हतीस ना, मग पैसे कोण देणार होतं?”

१९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञांनी हेच करून पाहिलं होतं. ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायची हौस होती, त्यांतल्या काहींना सांगितलं, चित्र काढा, छानसं प्रशस्तिपत्रक मिळेल. त्यांनी काढली, पत्रकं घेतली. पुढे काही दिवसांनी बक्षिसाची भाषा न करता तेच रंगीत पेन समोर ठेवले, तर ही मुलं बिनबक्षिसवाल्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. आजीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “अरे, पण स्तोत्रालासुद्धा शेवटी फलश्रुती असतेच की.” हेही खरंच. आमच्या घरात रोज म्हटल्या जाणाऱ्या गणपतीच्या स्तोत्रात विद्या मागणाऱ्याला विद्या आणि धन मागणाऱ्याला धन मिळेल अशी हमी आहे, तीसुद्धा मुदतीसकट: सहा महिन्यांत फळ, वर्षात सिद्धी. दाजींच्या योजनेत एवढी स्पष्टता नव्हती.

एव्हाना मला एक गोष्ट कळायला लागली होती. घरातल्या प्रत्येकाने दर ठरवला होता. मोजण्याची पद्धत, मुदत, व्याज सगळं ठरलं होतं. पण दुपारी चार ते रात्री आठ या वेळात भाचेराव वही उघडून नेमकं काय करतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. बक्षीस म्हणजे मोठ्या माणसांनी मुलाच्या शेजारी न बसण्याची दिलेली भरपाई असते. सातवीच्याच पुस्तकात व्यस्त प्रमाण शिकवलंय: एक राशी वाढली की दुसरी त्याच पटीत कमी होते. बक्षिसाची रक्कम आणि शेजारी बसण्याचे तास यांचं उदाहरण त्यात घालायला हरकत नाही. गिअरची सायकल कबूल करणारा बाप वर्षभर निर्धास्तपणे बातम्या बघू शकतो.

रोलंड फ्रायर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने हा प्रयोग पुष्कळ मोठ्या प्रमाणावर केला. त्याने निरनिराळ्या शहरांतल्या शाळकरी मुलांना खरोखरच डॉलर वाटले, आणि निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेच्या गुणांना पैसे, शिकागोत श्रेणीला पैसे. परीक्षेतल्या कामगिरीत नाव घेण्याजोगी वाढ झाली नाही. डॅलसमध्ये मात्र दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरची छोटी चाचणी दिली की दर पुस्तकाला २ डॉलर दिले, आणि मुलांचं वाचन सुधारलं. पुस्तक उघडणं मुलाच्या हातात असतं, गुण त्याच्या हातात नसतात. न्यूयॉर्कच्या मुलांना विचारलं होतं, आणखी पैसे मिळवायला काय कराल? मुलं म्हणाली, प्रश्न नीट वाचू, उत्तर पुन्हा तपासू. धडा वाचू, बाईंना विचारू, असं त्यांना सुचलंच नाही. पैसे हवे होते सगळ्यांना. ते मिळवायला नक्की काय सुधारायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

मग मी शेजारी बसायला लागलो.

पहिल्या संध्याकाळी भाचेरावांनी ऋण संख्यांचं एक उदाहरण घेतलं. (–८) × (–३) – (–५). वजा आठ गुणिले वजा तीन बरोबर अधिक चोवीस, हे त्यांनी पाव सेकंदात लिहिलं. मला कौतुक वाटलं. पुढच्या ओळीत त्यांनी लिहिलं, २४ – ५, आणि त्याच्यापुढे १९ लिहून खाली दोन रेघा मारल्या. उत्तर २९ होतं. मी काही बोललो नाही, नुसतं “हं” म्हटलं. दुसरं उदाहरण. पुन्हा तेच. जिथे दोन उणे चिन्हं शेजारी शेजारी यायची, तिथे पुढच्या ओळीत एक गळायचं.

“इथे दोन वजा होते ना रे?” मी विचारलं.

“हो.”

“मग खाली एकच कसा आला?”

भाचेरावांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “मामा, दोनदा कशाला लिहायचं? छपाईची चूक आहे ती.”

पुस्तकात ऋण संख्या आल्यापासून हा मुलगा पाठ्यपुस्तक मंडळाच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करत आला होता. तेही फुकट. त्याला नियम येत होता, गुणाकार येत होता, पाढे तर माझ्यापेक्षा चांगले येत होते. फक्त कंसाबाहेरचं वजा आणि कंसातलं वजा हे दोन वेगवेगळे इसम आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तो असं काही समजून बसला असेल, हे वर्गात साठ पोरांसमोर उभ्या असलेल्या बाईंना दिसणार तरी कसं? पेपरात त्यांना फक्त १९ दिसत होतं. दाजींनी गुणामागे पन्नासाऐवजी पाचशे लावले असते, तरी भाचेरावांनी ती छपाईची चूक आणखी काळजीपूर्वक दुरुस्त केली असती.

तेवढं समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. त्यातली आठ मिनिटं, पुस्तक बरोबर आहे हे पटवण्यात गेली.

पुढच्या संध्याकाळी असेच आणखी बारीकसारीक शोध लागत गेले. ७ चा आकडा घाईत १ सारखा निघतो. लसावि आणि मसावि यांतला कुठला मोठा, हे नावावरून ठरवलं जातं. ‘लघुतम’ म्हणजे लहान असणार, म्हणून लसावि नेहमी मसाविपेक्षा लहान! इतिहासाच्या पेपरात ‘कारणे लिहा’ला एकच कारण, कारण ते ‘पुरेसं आहे’. यांतली एकही गोष्ट प्रगतिपत्रकात नव्हती. प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वर्गात शांत बसतो’. आणि ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात, ‘वर्गात मोकळेपणाने बोलावे’. शिक्षकांनाही बिचाऱ्यांना प्रत्येक मुलाच्या नावापुढे वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात, आणि त्यांच्याजवळ तयार वाक्यांची यादी असते. यादी लांबलचक असली तरी, ‘दुसरं उणे चिन्ह छपाईची चूक समजतो’ हे वाक्य तिच्यात असायचं काही कारण नाही.

सत्राच्या शेवटी निकाल लागला. गणितात भाचेराव ६४ वरून ७५ वर आले. श्रेणी ब-२ होती, ती ब-१ झाली. सारी वाढ खरी होती, मध्ये कुठे खड्डा खणलेला नव्हता. मी स्वतः तपासलं. घरात आनंदाचं वातावरण. दाजींनी ११ गुणांचे ५५० रुपये, या वेळी रोख, एकरकमी, टेबलावर ठेवले.

“मला पैसे नकोत,” भाचेराव म्हणाले.

क्षणभर कुणी काही बोललं नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत, बघ, मी म्हटलं नव्हतं, असा अभिमान होता. आजीने पदर डोळ्यांना लावला. मुलाला शिकण्यातच गोडी लागली, फळाची आशा सुटली, असं सगळ्यांना वाटलं. मलाही गहिवरून येण्याच्या बेतात होतं.

“मग काय पाहिजे बाळा?” आजीने विचारलं.

“मामाने शेजारी बसायचं नाही.”

पुढे कारणांची यादी आली. मामा पेनाने टेबलावर टकटक करतो. मामा माझ्या वाटीतलं भडंग खातो. मामा श्वास मोठ्याने घेतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मामा “हं” म्हणतो. मामा “हं” म्हणाला की काहीतरी चुकलंय, पण काय ते सांगत नाही, मग मलाच शोधावं लागतं. आता मी मनातच “हं” म्हणतो आणि शोधतो, त्यासाठी मामा कशाला पाहिजे?

या शेवटच्या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. हिशेब तपासण्याच्या नोकरीत ज्या दिवशी समोरचा कारकून स्वतःच्या चुका आपणहून शोधायला लागतो, त्या दिवशी तपासनिसाने सामान आवरायचं असतं.

तरी वाटाघाटी झाल्याच. वाढीव प्रत्येक गुणामागे एक संध्याकाळ मामा खोलीबाहेर, असा दर ठरला. या वेळी करार मी लिहिला, त्यामुळे त्यात पळवाट नाही: गुण घसरले तर दर गुणामागे मामाची एक संध्याकाळ परत, आणि त्याला कुठलीही किमान मर्यादा नाही. दाजींनी साक्षीदार म्हणून सही केली. आजीने तिच्या खात्यातली दहाची नोट कायमची बंद केली. रामरक्षेला भाचेराव सध्या कधी बसतात, कधी बसत नाहीत.

अकरा संध्याकाळी त्यांनी एकरकमी मागितल्या. मी आठवड्याला दोन अशा हप्त्यांनी देतो आहे, कारण कारखान्यांकडून मीही थोडं शिकलो आहे. थकलेल्या संध्याकाळींवर १५ टक्के दराने किती मिनिटं व्याज होतं, याचं गणित भाचेराव सध्या दार लावून, एकट्याने सोडवताहेत.